दुर्बीण आणि गोफण

मी गोरेगावचा म्हटले, की समोरचा माणूस लगेच विचारतो, "ईस्ट की वेस्ट?" मग खुलासा करावा लागतो, की बाबा रे, आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. तिथे पूर्वेला तूर आहे आणि पश्चिमेला सोयाबीन. लोकल नाही, एसटी आहे. त्या मुंबईच्या गोरेगावाला खेटून अख्खे राष्ट्रीय उद्यान आहे. बिबटे म्हणे सोसायटीच्या जिन्यापर्यंत येऊन जातात. आमच्याकडे फार तर रोही हरभऱ्यात शिरतात, आणि त्यांचे दर्शन घ्यायला कोणी तिकीट काढून येत नाही. आम्हीच काठी घेऊन जातो.

अशा गोरेगावची तीन माणसे एका जानेवारीत अंदमानच्या जंगलात जनावरे बघायला गेली: मी, आमच्या सौभाग्यवती आणि आमचे थोरले चुलते तात्या. तात्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. त्यांना फक्त सेल्युलर जेल बघायचे होते. सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडायचे आणि परत यायचे, एवढाच बेत. पण सहलीच्या पत्रकात चौथ्या दिवशी 'अनुभवी मार्गदर्शकासह वर्षावनात वन्यजीव-दर्शन' असे छापलेले होते, आणि त्याचे पैसे आधीच धरलेले होते. पैसे भरलेली गोष्ट न बघता परतणे आमच्या घराण्यात बसत नाही. शिवाय आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव महाराज पायी पंजाबपर्यंत गेले होते. विमानाने आलेल्या तात्यांना चार पावले जंगलात जायला काय हरकत होती?

पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम. तिथून दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर चिडिया टापू आहे. पहाटेच्या अंधारात आम्ही तिथे उतरलो. एका बाजूला समुद्र, त्याच्या काठावर मगरीपासून सावध राहा असा फलक. दुसऱ्या बाजूला सरळ आभाळात घुसलेली गर्जन आणि पडौकची झाडे. मार्गदर्शक पोरगा तिथलाच जन्मलेला. मी गोरेगावचा म्हणताच तो खूश होऊन म्हणाला, "फिल्म सिटी!" मी गप्प बसलो. तेवढीच इज्जत.

तात्यांनी मात्र मुद्द्यालाच हात घातला. "पोरा, वाघ हाय का हितं?"

"नाही जी."

"बिबट्या? लांडगा? कोल्हा तरी?"

"कुछ भी नहीं जी. जंगली सूअर है."

"सूअर बघाया मी समिंदर ओलांडून आलो?" तात्या माझ्याकडे वळले. "कामून पैसे भरले रे?"

प्रश्न रास्त होता. मोठी जनावरे ब्रह्मदेशातून समुद्र ओलांडून इथवर आलीच नाहीत. आली ती उडणारी, तरंगत्या ओंडक्यावर बसणारी आणि नाही तर माणसाने बोटीतून आणलेली. इंग्रजांनी चितळ आणले. त्यांना खाणारे कोणीच नसल्यामुळे ते बेटाबेटांवर वाढत गेले आणि कोवळी रोपे फस्त करू लागले. मग १९५०च्या दशकात त्यांचा बंदोबस्त करायला वनखात्याने दोन बिबटे सोडले. दोन्ही माद्या निघाल्या! प्रकरण तिथेच आटोपले. हे ऐकून तात्या पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आमच्या बैलबाजारात दात बी बघतेत आन् शेपूट उचलून बी बघतेत. सायबानं दोन्हीपैकी येक तरी बघायचं!"

अंदमानात हौसेने फिरायला येणाऱ्यांचा इतिहास तसा जुना आहे, आणि त्याची सुरुवात काही शुभशकुनाची नाही. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो १८७२च्या फेब्रुवारीत इथे काळ्या पाण्याची पाहणी करायला आला. ८ तारखेला काम आटोपल्यावर त्याला माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त बघायची हुक्की आली. २०२१ पासून त्या डोंगराचे नाव माउंट मणिपूर आहे. जुन्या वीसच्या नोटेवरचे चित्र तिथल्याच देखाव्याचे. म्हणजे हा देखावा आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षे खिशात बाळगला आणि भाजीवालीला देऊन टाकला. मेयोने सूर्यास्त बघितला आणि तो अंधारात धक्क्यावर उतरला. तिथे शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्याने त्याला सुऱ्याने भोसकून ठार केले. 'अंधार पडायच्या आत गाडीत बसा' असे आमचा व्यवस्थापक रोज ओरडत असे, तेव्हा मला राग यायचा. आता येत नाही.

त्यानंतर वर्षभराने, १८७३च्या मार्चमध्ये, बेटांवर आला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, १८८५ साली मुंबईत काँग्रेस स्थापणारा तोच हा. तेव्हा तो सरकारच्या शेतकी, महसूल आणि व्यापार खात्याचा सचिव होता. हे खाते मेयोनेच १८७१ साली काढलेले. तात्यांनी कान टवकारले. "म्हंजे शेतकी हापिसातला पैला सायेब पाखरं मोजत हिंडत व्हता? तरीच आमच्या अर्जाला उत्तर येत न्हाई!"

मोजत हिंडत होता हे खरे, पण मोजायची त्याची रीत वेगळी होती. त्या काळी दुर्बिणीपेक्षा बंदुकीवर भरवसा. पक्षी दिसला की पाडायचा, सोलायचा, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. ह्यूमकडे अशी ऐंशी हजारांहून जास्त पाखरे जमली होती. ही पद्धत ऐकून तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. साठ वर्षे ज्वारीच्या मचाणावर बसून गोफण फिरवलेला माणूस. शेवटी म्हणाले, "मी दगड पाखराच्या बाजूनं मारायचो. उडाली म्हंजे झालं. येवढी तर आमच्या अख्ख्या पिढीनं मारली नसतील."

पण ह्यूमने जे लिहिले त्यामुळेच आज या बेटांवर काय काय होते ते कळते. त्याचे पुढे काय झाले ते प्रत्येक लेखकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्याने पंचवीसेक वर्षांची टिपणे सिमल्याच्या बंगल्यात ठेवली होती. १८८४-८५च्या सुमारास तो परत येऊन बघतो तर कागद गायब. नोकराने ते बाजारात रद्दीत विकले होते! ह्यूमने पक्षी सोडले, सगळा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला आणि तो राजकारणात शिरला. रद्दीवाल्याचे या देशावर किती उपकार आहेत याचा कोणी हिशेब मांडलेला नाही.

आता आमचे बघा. पहिला तासभर आम्हाला काही म्हणजे काहीच दिसले नाही. वर्षावनात आवाज चहूकडून येतो आणि पाखरू कुठेच नसते. आमच्या गटातले एक गृहस्थ मोबाइलवर घरी विचारत होते, की गॅस बंद केला होता का. पोरगा दोन्ही हात जोडून पुटपुटला, "चुप, बिलकुल चुप." आणि आमच्या सौभाग्यवतींनी, ज्यांना घरात माझा चष्मा सापडत नाही, बोट वर केले. काळाकुळकुळीत सुतार पक्षी, डोक्यावर लाल तुरा. अंदमानी सुतार. "हा फक्त या बेटांवर आहे, दुनियेत दुसरीकडे कुठंच नाही," असे त्या पोराने आपल्या हिंदीत सांगितले.

संध्याकाळी आम्ही पुन्हा तिथे गेलो. अंधार पडल्यावर दुहेरी हूक ऐकू आली. ते घुबड होते. इंग्रजीत त्याला ह्यूमचेच नाव आहे. तात्यांनी कानाला हात लावून दिशा सांगितली आणि पोराने तिकडे बॅटरी धरली. फांदीवर बसलेले ते तपकिरी पाखरू आमच्याकडे असे बघत होते, की जणू वन्यजीव-दर्शनाचे पैसे त्याने भरले होते.

परत येताना पोराने मोबाइलवर एका पक्ष्याचे चित्र दाखवले. नारकोंडमचा धनेश. हाही ह्यूमनेच १८७३ साली जगाला सांगितलेला. नारकोंडम हे अंदमानच्या पूर्वेला एकटेच उभे राहिलेले निद्रिस्त ज्वालामुखीचे बेट. क्षेत्रफळ जेमतेम सात चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाचे शिवार. तेवढ्यात या जातीचे सगळे धनेश, काही शेकडा. बाकी पृथ्वीवर शून्य. सहली तिथे जात नाहीत, आणि ते बरेच आहे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. फटीतून चोच काढते आणि नर फळे आणून भरवतो.

"आणि नर नाहीच आला तर?" सौभाग्यवतींनी विचारले. उत्तर कोणी दिले नाही.

१९६९ साली त्या बेटावर पोलीस चौकी झाली. १९७६ साली चौकीसाठी शेळ्या नेल्या. शेळ्या वाढल्या आणि उगवणारे प्रत्येक रोप खाऊ लागल्या. आजची मोठी झाडे पडली, तर उद्या ढोल्या कुठे असणार? पुढे शेळ्या हलवल्या. मग तटरक्षक दलाला तिथे रडार हवे झाले. पर्यावरण मंत्रालयाने २०१२ साली नाही म्हटले आणि २०१४ साली हो म्हटले. तात्यांना रडारचे काही वाटले नाही. शेळ्यांचे मात्र लगेच पटले. "शेळी आन् रोपटं येका बांधावर ठिवत न्हाईत, हे आमच्या पोरीसोरीला बी ठावं हाय," ते म्हणाले. बाहेरून काही आणताना कोणी फार विचार करत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. मोठी आफ्रिकी गोगलगाय अंदमानात फोफावली आहे, आणि २०२२ साली लातूर, बीड, धाराशिवकडच्या सोयाबीनचे तिनेच वाटोळे केले.

गाडीत बसल्यावर तात्या खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपल्या गावाभायेर मेलेलं ढोर टाकायची जागा व्हती. गिधाडं अशी उतरायची की उन्हं झाकायची. कवा गेली रे ती?"

मला सांगता येईना. पुस्तकातले ठाऊक होते: १९९०च्या दशकापासून गेली, गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक नावाच्या औषधामुळे त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे, २००६ साली सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केले. पण आमच्या गोरेगावच्या आभाळातून शेवटचे गिधाड कोणत्या दिवशी गेले ते कोणीच लिहिलेले नाही. तेव्हा आम्ही सगळे गावातच होतो. त्यासाठी विमान लागत नव्हते, मार्गदर्शक लागत नव्हता. फक्त मान वर करायची होती.

फेब्रुवारीत मी गावी गेलो तर तात्या मचाणावर होते. गोफण मांडीवर आणि माझी दुर्बीण डोळ्याला. ती त्यांनी परत केलीच नव्हती. ज्वारीवर पाखरांचा थवा उतरलेला. खालून काकू करवादत होत्या, की म्हाताऱ्याला समुद्र बाधला, कणसं चालली आहेत आणि हा बघत बसलाय.

"तात्या, हाकला की!"

"थांब, मोजू दे. मंग हाकलतो."

नातवाची चाळीस पानी वही उशाशी होती. पहिल्या पानावर तारीख आणि खाली: चिमण्या ३२, साळुंक्या ११, राघू ९, गिधाड ०. ते शून्य रोज लिहितात. आमच्याकडे रद्दीवाला दोन महिन्यांनी एकदा मोटारसायकलवर येतो. मी काकूंना बजावून ठेवले आहे, की काय वाटेल ते विका, माझी पुस्तकेसुद्धा विका, पण त्या वहीला हात लावू नका. देशाला आणखी एक पक्ष काढून द्यायची तात्यांना आता उमेद नाही.