साताऱ्याच्या डोंगरावरील विलायती घरे

'बंगला' हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, तो केवढा प्रवास करून आपल्या दारी आला आहे याचे भान राहत नाही. बंगालमधील उतरत्या गवती छपराच्या घरावरून इंग्रज व्यापाऱ्यांनी हे नाव उचलले, त्या घराला व्हरांडा जोडला, ते मोकळ्या कंपाउंडच्या मध्यभागी उभे केले आणि लष्करी छावण्यांबरोबर देशभर नेले. पुढे १८७० च्या सुमारास केंट परगण्यातील बर्चिंग्टन येथे समुद्रकिनारी असे बंगले बांधले गेले. चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी याने १८८२ साली तेथील एका बंगल्यातच देह ठेवला. म्हणजे ज्याला आपण विलायती घर म्हणतो, ते विलायतेत गेले हिंदुस्थानातूनच!

मग खास इंग्रजी म्हणावे असे त्या घरात काय होते? आमच्या मते, त्याची आतील विभागणी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराच्या घराचे हृदय म्हणजे 'हॉल'. मध्यभागी विस्तव, धूर छपरातून बाहेर, आणि मालक व चाकर एकाच दालनात जेवणार. पुढे भिंतीत धुराडे आले, मालक आपल्या खाजगी खोलीत गेला आणि हॉल हळूहळू नुसता येण्याजाण्याचा राहिला. सतराव्या शतकात रॉजर प्रॅट या वास्तुरचनाकाराने कोल्सहिल येथील घरात मधोमध लांब बोळ व नोकरांसाठी मागचे जिने योजले. चाकर घरात हवा, पण दिसता कामा नये, ही त्यामागची दृष्टी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. त्यांचे आयुष्य या मागच्या जिन्यांवर व माळ्यावरच्या खोल्यांत सरले.

कॅथलिक वाचकांना या घरांची आणखी एक बाजू ठाऊक असावी. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत, म्हणजे ज्या इंग्लंडमधून आपले फादर थॉमस स्टीफन्स बाहेर पडले व १५७९ साली गोव्यास पोहोचले, त्या काळात धर्मगुरूला आसरा देणे हा देहदंडाचा गुन्हा ठरला होता. निकोलस ओवेन या सुताराने कित्येक श्रीमंत घरांच्या जिन्यांखाली व धुराड्यांमागे लपण्याच्या जागा बांधल्या. १६०६ साली लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसून तो मरण पावला, परंतु त्याने एकही जागा उघड केली नाही. १९७० साली त्यास संतपद लाभले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाईकडील खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरचे पठार मिळवले. वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. दहाच वर्षांनी, १८३९ साली, त्याच कंपनी सरकारने महाराजांना पदच्युत करून काशीस धाडले. थंड हवेच्या कौतुकात हा भाग बहुधा गाळला जातो.

डोंगरावर दगड मिळाला तो जांभा. मऊ असल्याने काढायला सोपा आणि हवेत कठीण होणारा. मात्र वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी भिंत उघडी ठेवून चालत नाही. पावसाळ्यापूर्वी साहेब खाली उतरत आणि माळी व चौकीदार मागे राहून भिंतींना गवताचे जाड पडदे बांधीत. पुढे मंगलोरी कौले आली. बाझल मिशनने मंगलोरात १८६५ साली त्यांचा कारखाना काढला होता. रस्त्यांवर व बागांत चिनी आणि मलायी कैदी राबले. त्यांचा तुरुंग १८६४ साली बंद झाला.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तो आत वळलेला. घरातील व्यवहार चौकांभोवती, बाहेर उंच भिंत. (तेथील घाटावरची घंटा पोर्तुगीज चर्चमधली, हे जाणारे क्वचितच पाहतात.) बंगल्याची तऱ्हा नेमकी उलटी: तो व्हरांड्यातून दरीकडे पाहतो आणि शेजाऱ्यापासून दूर राहतो. तरीही दोन्ही घरांनी माणसांच्या पायऱ्या ठरवल्याच. बंगल्यात प्रत्येक शयनगृहाला न्हाणीघर, आणि त्या न्हाणीघराला बाहेरून एक वेगळे दार. ते दार मैला उचलणाऱ्यासाठी. इंग्लंडचा मागचा जिना येथे मागचे दार झाला, आणि आमची जातिव्यवस्था त्याला आयतीच सापडली.

स्वयंपाकघर मुख्य घरापासून दूर, आच्छादित वाटेने जोडलेले. कारण धूर, आगीचे भय व उष्णता. त्यामागे चाकरांच्या खोल्यांची रांग. गोमांस व डुकराचे मांस या दोहोंना हात लावण्यास अडचण नसलेला आचारी साहेबाला हवा असे, म्हणून गोव्याकडील कॅथलिक स्वयंपाकी व बटलर या घरांत शिरले. महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च वसाहतीच्या अगदी आरंभीचे आहे, याचे नवल वाटू नये. बंगल्यांना नावे आहेत, त्यांच्या साहेबांच्या कबरींवर शिलालेख आहेत. बटलरचे नाव सापडलेच तर ते बाप्तिस्म्याच्या वा दफनाच्या नोंदवहीत. अशा घरांतून ज्यांचे आजे-पणजे राबले, त्या कुटुंबांनी त्यांची पत्रे, शिफारसपत्रे जपावीत. साहेबाच्या सहीचा तो जीर्ण कागद बहुधा पेटीच्या तळाशी असतो.

पाचगणीचा इतिहास थोडा वेगळा. जॉन चेसन यांनी १८६० च्या दशकात तेथे वस्ती उभारली, झाडे लावली आणि तेथेच त्यांची कबर आहे. हवा कोरडी असल्याने इंग्रज कुटुंबे बारमाही राहू शकली, आणि मुलांसाठी शाळा आल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चे.

इंग्रज जाण्याच्या आधीपासूनच हे बंगले पारशी, भाटिया व बोहरी व्यापाऱ्यांच्या हाती येऊ लागले. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी पाचगणीच्या 'दिलखुश' बंगल्यात राहिले. नव्या मालकांनी व्हरांडे ठेवले, शेकोट्या बंद केल्या. स्वयंपाकघर मात्र कित्येकांनी घरात आणले, कारण आता घरची बाईच चुलीपाशी जाणार होती.