हुद्द्यांची उतरंड

‘पगार’ हा शब्द मराठी नव्हे. तो पोर्तुगिजांनी दिला. हाताखालच्या पोरांवर ओरडणारा मेस्त्रीही त्यांचाच. नोकरी फारसीतून आली. हुद्दा, हजेरी, रजा, बदली ही सगळी अरबी घराण्यातली मंडळी आणि वशिला तर त्यांचा सख्खा भाऊ. राजीनाम्याची गंमत निराळी. त्याचा मूळ अर्थ राजी असल्याचा कागद. मुंबई इलाख्यात जमिनीचा कब्जा सोडणारा कुळवाडी राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत लिहून द्यायचा. आज चिडून, तणतणत टेबलावर आपटतात त्या कागदालाही आपण राजीखुशीचेच नाव देतो.

माझी सारी नोकरी बेळगावच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसात गेली. माणसे किती वाजता आत आली आणि किती वाजता बाहेर पडली, एवढेच लिहिण्याचे काम. हाती वेळ पुष्कळ आणि समोर हुद्द्यांची जंत्री. त्यातून हा नाद लागला. कामाधंद्यातल्या इंग्रजी शब्दांनी मराठी बुडाली अशी तक्रार दर दिवाळीला कोणी ना कोणी करतोच. पण शब्द कोणाचा, यापेक्षा तो शब्द ज्याच्या डोक्यावर बसतो त्याला कळतो का, हा प्रश्न मला मोठा वाटत आला आहे.

या तक्रारीला सव्वातीनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्ग आहेत आणि १३०० हून अधिक यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांचीही नावे बदलली : पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. पुढे काय झाले ते आपल्या आडनावांत पाहावे. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, मुजुमदार सगळे फारसी वळणाचे! मुख्य प्रधान तर १८१८ पर्यंत आणि नंतरही पेशवेच राहिला. पण ‘सचिव’ मात्र भोरच्या संस्थानात टिकून राहिला आणि स्वातंत्र्यानंतर थेट मुंबईच्या सचिवालयात जाऊन बसला. शब्द मेला असे म्हणण्याची घाई करू नये, हे त्यावरून शिकावे.

आता इंग्रजांकडे वळू. १६०० साली सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीत पोरवयात भरती होणाऱ्याला ‘राइटर’ म्हणत, म्हणजे शुद्ध लेखनिक. तो काही वर्षांनी ‘फॅक्टर’ होई, मग कनिष्ठ व्यापारी, मग ज्येष्ठ व्यापारी. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा अडत्या, आणि तो राहील ती फॅक्टरी. सुरतेला, राजापूरला, हुबळीला इंग्रजांच्या ‘फॅक्टऱ्या’ होत्या त्यांत एकही यंत्र नव्हते. आपल्या लोकांनी त्यांना अचूक शब्द वापरला, वखार. आणि महाराजांच्या अठरा कारखान्यांतही आजच्या अर्थाचा कारखाना नव्हता. ती साठवणुकीची व बंदोबस्ताची खाती होती. दोन भाषांतले दोन शब्द, दोघांच्याही पोटात पुढे यंत्रे शिरली.

‘कंपनी’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमध्ये भाकरी आहे. एका भाकरीचे वाटेकरी ते कंपनी. मराठीने त्याला ‘मंडळी’ म्हटले. आमच्या याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली काढली ती किर्लोस्कर नाटक मंडळी. मुंबईत ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ पुस्तके छापत. घरात ‘आमची मंडळी’ म्हटले की बायको. भाकरीचा संबंध तिथे सर्वांत जवळचा, असे म्हणावे काय? असो.

खरा चटका लावणारा भाग कंपनीच्या पलटणींत आहे. शिवकाळात हवालदार हा गडाचा मुख्य अंमलदार, दरवाजाच्या किल्ल्या त्याच्याकडे. सुभेदार म्हणजे अख्ख्या सुभ्याचा कारभारी. नाईक म्हणजे पुढारी. कंपनीने हे शब्द जसेच्या तसे उचलले आणि पायऱ्या बदलल्या. हवालदार सार्जंटाच्या जागी आला, नाईक त्याच्याही खाली. केस पिकलेला सुभेदारसुद्धा विलायतेहून कालपरवा आलेल्या मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या अंमलदाराच्या हाताखाली! बंगालच्या तागाच्या गिरण्यांत तर मजुरांच्या टोळीवरच्या मुकादमाला ‘सरदार’ म्हणत. शिपाई लढणारा होता. तो साहेबाच्या दाराबाहेरच्या स्टुलावर येऊन बसला. आणि त्याला इंग्रजीत म्हणतात तो ‘प्यून’ही पोर्तुगीज पायदळातला सैनिकच, बुद्धिबळातल्या प्याद्याचा भाऊबंद. दोघेही एकाच वाटेने स्टुलापर्यंत आले. भाषा आपली राहिली म्हणून मान आपला राहतो असे नाही, हे मला हवालदाराने शिकवले.

उलट गिरणगावात. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. तिथे कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी कोणताही कोश न उघडता गिरणीचे मराठीकरण करून टाकले. डिपार्टमेंटचे खाते झाले, शिफ्टची पाळी झाली, मागाचा साचा झाला आणि माग चालतात ते साचाखाते. ‘जॉबर’ तेवढा इंग्रजी राहिला, बहुधा त्याचे वागणेही परकेच होते म्हणून. कामाला लावणार तो, काढणार तो, आणि दोन्हींबद्दल दस्तुरी घेणारही तोच. रोज पहाटे दरवाजाशी उभे राहून कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जाणारा तो बदली कामगार. हा ‘बदली’ शब्द पुढे इंग्रजी अहवालांत आणि कायद्यांत गेला. साहेबाला त्याच्यासाठी आपला शब्द सापडला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुटी मागितली, तीही याच भाषेच्या जोरावर. १८९० साली ती मिळाली.

आमच्या जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्यावर १८८५ साली गिरणी निघाली. १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान थाटले, त्यातून नांगराचा कारखाना उभा राहिला आणि १९१० साली त्यांना गाव सोडून कुंडलच्या माळावर जावे लागले. ते राहिले असते तर, हा आम्हा बेळगावकरांचा आवडता सुस्कारा. तो इथे आवरतो.

महाराष्ट्र झाल्यावर १९६२ साली पदनामकोश आला. अधीक्षक, लिपिक, लघुलेखक, अवर सचिव, कार्यकारी अभियंता. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनामकोश’ ठरवले आणि लोक पोट धरून हसले. मला तो कोश तितकासा हास्यास्पद वाटत नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली आठ भाषांतला शासनशब्दांचा कल्पतरू छापून घेतला होता, त्याच जातीचे हे काम. अधीक्षक, संचालक, अभियंता पाट्यांवर रुळले. ‘लिपिक’ मात्र कागदावरच राहिला. घरी जाऊन ‘मी लिपिक झालो’ असे आईला सांगणारा मुलगा मी पाहिलेला नाही.

आम्ही या कोशाच्या कक्षेबाहेर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले होते. त्यामुळे आमच्या वाट्याला तिसरीच पंगत आली. मराठीत इलाखा म्हटला की मुंबई इलाखा, केवढा तरी मुलूख. कानडीत ‘इलाखे’ म्हणजे सरकारी खाते. मराठीत ‘नोकर’ म्हणजे घरगडी, ‘सरकारी नौकर’ म्हणवून घेण्यात कानडी माणसाला काहीच कमीपणा नाही. आमच्याकडे गुमास्ता म्हणजे पेढीवरचा मुनीम, मुंबईत दुकानाचा परवानाच ‘गुमास्ता’. कानडीत साधा कारकून. तिन्ही शब्द फारसी-अरबी, दोन्ही भाषांनी एकाच दुकानातून उचललेले. तरी एकमेकांच्या पाट्या वाचताना आम्ही ठेचकाळतो.

ठेचकाळण्यावर भागले तर ठीक. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात एक चांगले कलम होते. कामगारांच्या नोकरीचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत दरवाजाजवळच्या फळ्यावर लावावेत. आमच्याकडे फळा होता, इंग्रजी होते, कानडीही होते. मोल्डिंग खात्यातली बरीच माणसे खानापूर-चंदगडकडची, मराठी. बहुसंख्य कोण, हे कधी कोणी मोजल्याचे मला आठवत नाही.

एका पावसाळ्यात बारा वर्षांची नोकरी झालेला एक मोल्डर भात लावणीसाठी रजा घेऊन गेला. पाऊस लांबला, लावणी लांबली. रजा संपल्यावर अकराव्या दिवशी तो दरवाजावर आला तेव्हा त्याच्या हाती एक इंग्रजी चिठ्ठी ठेवण्यात आली. तो ती घेऊन माझ्या खिडकीशी आला.

“अण्णा, ह्ये काय लिवलंय बगा की वो.”

दोनच ओळी होत्या. त्याचा ‘लीन’ गेला होता. रजा संपल्यापासून आठ दिवसांत परतला नाही तर कामगाराचा लीन जातो, असा नियम, सरकारी नमुन्यातलाच. लीन म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हते. महाराष्ट्र सरकारचा शब्द मला माहीत होता, ‘धारणाधिकार’. तो उच्चारायचा माझा धीर झाला नाही. मी म्हटले, “नोकरीवरचा तुझा हक्क गेला म्हणतात.” हे त्याला तत्काळ कळले. तो खिडकीची पट्टी धरून बराच वेळ उभा राहिला. “कागुद कुटं लावलाता?” एवढेच त्याने विचारले.

मी त्याला फळ्याशी नेले. शेजारच्या टेबलावरचे माझे कानडी सहकारी आले आणि त्यांनी कानडी मजकूर पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “नमगू तिळीलिल्ल.” आम्हालाही नाही कळले. तिथेही धारणाधिकारासारखाच कुठलासा जडजंबाल संस्कृत शब्द बसवला होता. युनियनची माणसे धावली, महिनाभर हेलपाटे झाले आणि त्याला परत घेतले ते बदली म्हणून. बारा वर्षे वजा. त्यानंतर आम्ही दोघांनी फळ्यावरचे महत्त्वाचे नियम साध्या मराठीत आणि साध्या कानडीत वहीच्या कागदावर उतरून कँटीनच्या भिंतीवर डकवले. कोणाची परवानगी घेतली नव्हती. तो कागद चहाचे डाग पडून फाटेपर्यंत तिथे होता.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांमागे कल्याण अधिकारी नेमणे आले. पुढे त्याच दालनावर ‘पर्सोनेल मॅनेजर’ची पाटी लागली आणि नंतर ‘एच. आर.’ची. माणसाला संसाधन म्हणण्याची टूम एवढी फोफावली की १९८५ साली केंद्र सरकारने शिक्षण खात्यालाच मनुष्यबळ विकास मंत्रालय करून टाकले. ते २०२० साली पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. कारखान्यांतल्या माणसांना अजून तशी माफी मिळालेली नाही.

माझी भाची पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. गेल्या वर्षी तिने फोनवर सांगितले, “मामा, मी सध्या बेंचवर आहे.” ताईला वाटले पोरीला शिक्षा झाली. मी समजावले की एक काम संपले, दुसरे मिळेपर्यंत बसून राहायचे, आपल्या गिरणीतल्या बदलीसारखे. फरक इतकाच की हिला बसल्याचा पगार आहे, निदान काही महिने. टार्गेट, अप्रेझल, सी. टी. सी., नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड हे सगळे शब्द तिला पाठ आहेत आणि नेमणुकीचे अकरा पानी पत्र तिने न वाचता सही केले आहे, हे मी तिच्याकडून काढून घेतले. दिवाळीला आली की ते आम्ही दोघे ओळ न् ओळ वाचणार आहोत.

तिचा वरिष्ठही मराठीच, सदाशिव पेठेतला. तिथे साहेब, सर काही नाही. सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची असा दंडक आहे. मग तुम्ही मराठीत बोलता का, असे मी विचारले. ती हसली. मराठीत बोलायचे तर त्यांना अरे म्हणू की अहो, हे आधी ठरवावे लागते, म्हणून इंग्रजीत बोलतो.

“आणि जेवताना?”

“जेवताना हिंदी, मामा.”