सातवीचं गणित सोपं जावं म्हणून सुट्टीत काय कराल? आधी सहावीतल्या या ६ गोष्टी तपासा

सहावीची परीक्षा संपली की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. सातवीच्या गणिताची तयारी आतापासून करायची का? काही पालक लगेच सातवीचं पुस्तक आणतात आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. काही जण सुट्टीतला क्लास लावतात.

पण सातवीत गणित अडतं, त्यामागे बऱ्याचदा सहावीत किंवा त्याआधी अर्धवट राहिलेली एखादी गोष्ट असते. ती सुट्टीत सापडली, तर सातवीचा बराच भाग वर्गात ऐकूनही समजतो. ती तशीच राहिली, तर पुस्तक दोनदा वाचूनही उपयोग होत नाही.

निकालात हे दिसत का नाही?

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात आणि पुनर्परीक्षेतही मूल नापास झालं, तर त्याला त्याच वर्गात ठेवता येतं. सहावी आणि सातवीत मात्र मुलांना नापास केलं जात नाही. म्हणजे अपूर्णांक कच्चे असले तरी मूल सातवीत जातंच. ही गोष्ट थेट आठवीत समोर आली, तर तोपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात आणि 'मला गणित जमतच नाही' हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

सातवीत नेमकं काय वाढतं?

गेली काही वर्षं शिकवल्या जाणाऱ्या बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांची साखळी स्पष्ट दिसते.

- सहावीत पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी येते, सातवीत त्यांचाच गुणाकार-भागाकार.
- सहावीत अपूर्णांकांवरील क्रिया असतात, सातवीत परिमेय संख्या.
- सहावीत साधी समीकरणं असतात, सातवीत बैजिक राशी.
- सहावीत गुणोत्तर-प्रमाण असतं, सातवीत समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण.

नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. त्यामुळे तुमच्या मुलाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका एकदा नक्की पाहा. सीबीएसईच्या शाळांमध्ये एनसीईआरटीचं 'गणित प्रकाश' हे नवं पुस्तक सहावीला २०२४ पासून आणि सातवीला २०२५ पासून आलं आहे. तिथेही अपूर्णांक, दशांश आणि अक्षरांचा वापर यांवरच पुढचं गणित उभं आहे.

अर्ध्या तासाची घरगुती चाचणी

ही ६ गणितं कागदावर लिहून द्या. घड्याळ लावू नका, मध्ये बोलू नका. पानावरची कच्ची आकडेमोड खोडायला लावू नका, कारण चूक कुठे झाली हे तिथेच दिसतं.

१) ६१२ ÷ ६
२) १/२ + १/३
३) ०.३५ आणि ०.४ यांपैकी मोठी संख्या कोणती?
४) (−३) + (+५)
५) ८ + ४ = □ + ५, चौकटीत कोणती संख्या येईल?
६) ३ पेन ३६ रुपयांना मिळतात, तर ५ पेन कितीला?

बरोबर उत्तरं: १०२, ५/६, ०.४, +२, ७ आणि ६० रुपये.

चुकलेलं उत्तर काय सांगतं?

भागाकारात १२ आलं: मुलाने मधला शून्य गाळला. आधी अंदाज करायला सांगा. ६०० ला ६ ने भागलं तर १०० येतात, मग ६१२ ला भागून १२ कसे येतील? ही अंदाजाची सवय प्रत्येक धड्यात कामी येते.

बेरीज २/५ आली: अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. '२/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे, मग अर्ध्यात भर घालून कमी कसं झालं?' एवढंच विचारा. मग दोन सारख्या चपात्या घ्या आणि दोन्हींचे सहा-सहा समान तुकडे करा. अर्धी चपाती म्हणजे ३ तुकडे, एक तृतीयांश म्हणजे २ तुकडे. मिळून ५ तुकडे, म्हणजे ५/६. समच्छेद का करायचा, हे ताटातच दिसतं.

०.३५ मोठी वाटली: ३५ हे ४ पेक्षा मोठे म्हणून असं होतं. किलो-ग्रॅममध्ये विचारा. ०.३५ किलो म्हणजे ३५० ग्रॅम आणि ०.४ किलो म्हणजे ४०० ग्रॅम. भाजीच्या काट्यावर हे रोज दिसतं.

−८ किंवा −२ आलं: फरशीवर खडूने संख्यारेषा काढा. −३ वर उभं राहून उजवीकडे ५ पावलं टाकली की मूल स्वतःच +२ वर पोहोचतं. चिन्हांचे नियम पाठ करून घेण्याआधी हे करा.

चौकटीत १२ लिहिले: ही चूक छोटी वाटते, पण सगळ्यात जास्त लक्ष द्यायची हीच आहे. मुलाला 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असं वाटतं. खरं तर दोन्ही बाजू सारख्या आहेत, असं ते चिन्ह सांगतं. तराजूचं उदाहरण द्या. हे समजलं नाही, तर समीकरण सोडवताना मूल नुसत्या पायऱ्या पाठ करतं.

पेनांचं उत्तर चुकलं: आधी एका पेनाची किंमत काढायची सवय नाही. दुकानात जाताना असे दोन प्रश्न तोंडी विचारा.

सेमी इंग्रजी असेल तर?

आई-बाबांना छेद, मसावि, लसावि माहीत असतं आणि मुलाला डिनॉमिनेटर, एचसीएफ, एलसीएम. गणित एकच, पण शब्दांमुळे घरात गोंधळ होतो. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात. मराठी आणि इंग्रजी माध्यमाचं पुस्तक शेजारी ठेवलं की तोच धडा दोन्ही भाषांत पाहता येतो.

रोज किती वेळ द्यायचा?

आठवड्यातले पाच दिवस, रोज २० मिनिटं पुरे. एका आठवड्यात एकच कच्ची गोष्ट घ्या. रोज ४-५ गणितं सोडवा आणि त्यातल्या एका गणितासाठी मुलाला म्हणा, 'हे कसं केलंस, मला समजावून सांग.' तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. सांगताना मूल जिथे अडखळतं, तिथेच ते कच्चं आहे. पाढे अडत असतील तर ५ मिनिटं त्यांना द्या.

'मलाही शाळेत गणित जमायचं नाही' हे वाक्य मात्र मुलासमोर टाळा. मुलाला तो सुटकेचा रस्ता वाटतो.

सुट्टी संपताना हीच चाचणी आकडे बदलून पुन्हा द्या. तरीही एखादी गोष्ट चुकली, तर चाचणीचा तो कागद जपून ठेवा आणि जूनमध्ये गणिताच्या शिक्षकांना दाखवा. 'गणितात कच्चा आहे' असं सांगितलं तर त्यांना काहीच कळत नाही. 'छेद वेगळे असले की अडतो' असं सांगितलं, तर सुरुवात कुठून करायची ते त्यांना लगेच कळेल.