डेर प्रोत्सेस (खटला)

प्राग येथील जर्मनभाषिक लेखक फ्रान्झ काफ्का (१८८३–१९२४) ह्याची १९१४-१५ मध्ये लिहिलेली, अपूर्ण राहिलेली कादंबरी. तिसाव्या वाढदिवशी सकाळी बँकेतील अधिकारी योझेफ के. ह्यास गुन्हा न सांगताच अटक होते, आणि जिच्या कचेऱ्या गरीब वस्तीतील माळ्यांवर आहेत, जिचे कायदे आरोपीस अज्ञात व वरिष्ठ न्यायाधीश अदृश्य आहेत, अशा अदालतीत वर्षभर खेटे घालूनही आरोपाचे स्वरूप न उमगता अखेर दगडाच्या खाणीत त्याचा वध होतो. प्रश्न विचारणारा के. हळूहळू स्वतःच त्या अदालतीच्या अधीन होतो, हे ह्या कृतीचे सर्वांत भेदक मर्म होय. कामगार अपघात विमासंस्थेत नोकरी केलेल्या काफ्कास दफ्तरी कारभार अंतर्बाह्य ठाऊक होता. हस्तलिखिते जाळावीत ही त्याची इच्छा डावलून मित्र माक्स ब्रोट ह्याने ही कादंबरी १९२५ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध करविली.