कम्युनिटी कॉलेज आणि राजकीय देणग्या (कॅलिफोर्निया)

कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतील दोन वर्षांचे, कमी शुल्काचे आणि कोणाही प्रौढाला प्रवेश देणारे सार्वजनिक महाविद्यालय. कॅलिफोर्नियात त्याचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडून दिलेले विश्वस्त मंडळ पाहते आणि इमारतींसाठीचे कर्जही मतदारांच्या कौलानेच उभे राहते. या दोन मतदानांतूनच देणगीदाराला शिरकाव मिळतो. हा देणगीदार दरवेळी कोणी बडा उद्योगपती नसतो. बहुधा तो बांधकामाचा कंत्राटदार, वास्तुविशारद किंवा कर्जरोखे विकून देणारी वित्तसंस्था असतो.

कायदेशीर मान्यता : या प्रकारचे पहिले सार्वजनिक कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे निघाले, कायद्याचा आधार मात्र सर्व राज्यांत कॅलिफोर्नियाने आधी दिला. राज्य सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांना पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे वर्ग चालवण्याची मुभा मिळाली. त्यासाठी पैसा काही मिळाला नाही. फ्रेझ्नो येथे असे वर्ग १९१० मध्ये सुरू झाले. १९२१ च्या कायद्याने शाळांपासून वेगळा कॉलेज-जिल्हा स्थापण्याची तरतूद केली, आणि त्या वर्षीच मोडेस्टो येथे असा जिल्हा झाला. पुढच्या राजकारणाचे मूळ या तरतुदीत आहे : कॉलेजाला स्वतःचे मंडळ आणि करातला स्वतःचा वाटा मिळाला. १९६० च्या डोनाहो कायद्याने विद्यापीठ, राज्य महाविद्यालये आणि कम्युनिटी कॉलेजे अशी तिहेरी रचना पक्की केली. आज राज्यात ७३ जिल्हे आणि ११६ कॉलेजे आहेत.

कर्जरोखे आणि ५५ टक्के : १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या मतप्रस्तावाने मालमत्ता कराला लगाम घातला. रोजच्या खर्चाची सूत्रे सॅक्रामेंटोकडे, म्हणजे राज्य सरकारकडे, गेली. १९८६ मध्ये दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर इमारतींसाठी स्थानिक कर्ज उभारण्याची वाट पुन्हा खुली झाली, पण ती अट जड होती. नोव्हेंबर २००० मध्ये ‘प्रपोझिशन ३९’ने ती ५५ टक्क्यांवर आणली. त्या प्रचाराला जॉन डोअर आणि रीड हेस्टिंग्ज यांच्यासारख्या सिलिकॉन व्हॅलीतील धनिकांनी मोठा पैसा पुरवला होता. गंमत अशी, की ५५ टक्क्यांची अट घालणारा हा प्रस्ताव स्वतः सुमारे ५३ टक्क्यांवर संमत झाला. घटनादुरुस्तीला साधे बहुमत पुरत होते. सवलतीबरोबर बंधनेही आली. अशा एका कर्जाचा अंदाजित बोजा कॉलेज-जिल्ह्यात मालमत्तेच्या दर एक लाख डॉलर मूल्यामागे वर्षाला २५ डॉलरच्या वर जाता कामा नये, आणि खर्चावर नागरिकांची देखरेख समिती हवी.

देणगीचा मार्ग : कर्जाचा प्रस्ताव मंजूर झाला की कंत्राटे निघतात, म्हणून ज्यांना ती मिळण्याची आशा असते, ते प्रचाराला हातभार लावतात. लॉस एंजेलिस कॉलेज-जिल्ह्याच्या मतदारांनी २००१, २००३ आणि २००८ मध्ये मिळून सुमारे ५७० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. या बांधकामातील उधळपट्टी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०११ मध्ये लेखमालेतून मांडली. सॅन दिएगो काउंटीतील साउथवेस्टर्न कॉलेजाने २००८ मध्ये ३८.९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर करून घेतले होते. तेथील पदाधिकाऱ्यांनी कंत्राटदारांकडून मेजवान्या व खेळांची तिकिटे घेतल्याची प्रकरणे २०१२ च्या सुमारास न्यायालयात गेली. आधी गंभीर गुन्ह्यांचे आरोप होते, शेवटी बरेच खटले किरकोळ गुन्ह्यांच्या कबुलीवर मिटले.

कायद्याच्या फटी : वित्तसंस्थेने कर्जाचे काम देणाऱ्या पदाधिकाऱ्याला मर्यादेबाहेर देणगी दिली, तर १९९४ च्या ‘जी-३७’ या संघीय नियमाने तिला दोन वर्षे त्या जिल्ह्याचे काम घेता येत नाही. मात्र तीच रक्कम कर्जप्रस्तावाच्या प्रचारसमितीला दिली, तर बंदी नाही. फक्त ती जाहीर करावी लागते. मतप्रस्तावाच्या समित्यांना मिळणाऱ्या देणगीवर कमाल मर्यादा घालणेही अवघड आहे, कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये बर्कली शहराची तशी मर्यादा घटनाबाह्य ठरवली. २०१६ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने कामाच्या बदल्यात प्रचारसेवा किंवा देणगी घेणे बेकायदा असल्याचे मत दिले. पण असा सौदा कागदावर कोण लिहून ठेवतो? शहर व काउंटीच्या उमेदवारांसाठी राज्याने २०२१ पासून देणगीची मर्यादा लागू केली, तेव्हा कॉलेजांच्या विश्वस्तांना तिच्यातून वगळले; ही सूट २०२४ अखेरपर्यंत राहिली.

उरते ती देखरेख समिती. पदाधिकारी, कर्मचारी आणि कंत्राटदार यांना तिच्यात बसता येत नाही, हे चांगलेच. पण तिचे सदस्य तेच विश्वस्त मंडळ नेमते, आणि कंत्राट रोखण्याचा अधिकार तिला नाही.