स्वतःचाच शोध, पण वापरायची सोय नाही!

आज सांगतो चार्ल्स पार्सन्सची गोष्ट. 1884 मध्ये इंग्लंडमध्ये या माणसानं वाफेचं टर्बाइन बनवून त्याला जनरेटर जोडला. मिनिटाला 18,000 फेरे, वीज मात्र साडेसात किलोवॉट.

1889 मध्ये भागीदारांशी फाटलं. पेटंट राहिलं त्यांच्याकडे! पार्सन्सनं न्यूकॅसलजवळ हीटनला स्वतःची कंपनी काढली, पण स्वतःचंच टर्बाइन बनवता येईना. मग? आधी वाफ आसाच्या दिशेनं धावायची. यानं ती आसाला काटकोनात, चक्राच्या त्रिज्येनं वळवली. रचना वेगळी, काम तेच! कंपनी तगली. 1894 मध्ये पेटंट परत मिळालं आणि गडी पुन्हा जुन्या रचनेवर आला.

मला यातली मधली पाच वर्षं सगळ्यात भारी वाटतात. तुमचा फोन कोळशाच्या विजेवर चार्ज होत असेल, तर तिथंही आज वाफ आसाच्या दिशेनंच धावतेय. भेटू पुढच्या भागात!