सिगडीच्या उजेडातली ईद

आमच्या घरात अम्मीची एकच व्हिडिओ कॅसेट आहे आणि त्या कॅसेटमध्ये अम्मी दिसत नाही. तिचा आवाज आहे. "पंखा धीरे मारो, राख उडती," असं ती अब्बांना सांगते. त्या वेळी पडद्यावर काळोख असतो आणि मधोमध एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे आमची सिगडी.

१९९४ ची बकरी ईद मे महिन्यात आली होती. पिंपळे सौदागरमध्ये तेव्हा आजच्यासारखे टॉवर नव्हते. आमच्या भाड्याच्या खोल्यांमागे परस होतं, परसापलीकडे शेत. मामू सौदीहून सुटीवर आले होते आणि सोबत त्यांनी हँडीकॅम आणला होता. मगरिबची नमाज झाली, अब्बांनी सिगडीत कोळसे पेटवले, सळयांवर कबाब चढले आणि नेमकी वीज गेली. मामू म्हणाले, "काही हरकत नाही, निखाऱ्यांचा उजेड पुरेल." तो पुरला नाही.

अम्मी जाऊन आता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. ते पाहून माझा भाचा म्हणाला, "खाला, आता अ‍ॅप आहेत. नानीचा एखादा फोटो दिला की अंधारातला चेहरा तयार करून देतात." मी लगेच हो म्हणणार होते. पण इतिहास शिकवताना मी मुलांना जे सांगते ते आठवलं आणि थांबले. आधी हे समजून घ्यावं म्हटलं, की त्या संध्याकाळी कॅमेऱ्याने नेमकं काय पाहिलं होतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधत मागे गेलं की बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसमपर्यंत पोहोचावं लागतं. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशाविषयीचा ग्रंथ लिहिला. त्याच्याआधीचे अनेक विद्वान मानत की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. त्याने उलट मांडणी केली. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, म्हणून आपल्याला दिसतं. त्याचा दिव्यांचा प्रयोग आजही वर्गात करता येतो. अंधाऱ्या खोलीच्या एका भोकासमोर बाहेर वेगवेगळ्या जागी दिवे ठेवायचे. आत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडतात. एक दिवा झाका, त्याचाच ठिपका जातो. तो उघडा, ठिपका परत येतो. थोडक्यात, जिथून प्रकाश आला नाही, तिथलं चित्रही नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. "कॅमेरा हा शब्द मूळ अरबी, आणि कॅमेऱ्याचा शोध मुसलमानांनी लावला," असा मेसेज दरवर्षी फिरतो. काही वर्षांपूर्वी मी तो अभिमानाने फळ्यावर लिहिला होता. तो चुकीचा आहे. ग्रीकमध्ये कमानदार छताला 'कामारा' म्हणत. त्यावरून लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. तोच शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे 'कमरा' होऊन आला. म्हणजे उर्दूतला कमरा आणि हातातला कॅमेरा ही सख्खी भावंडं आहेत, पण त्यांचं मूळ अरबी नाही. भोकातून उलटं चित्र पडतं हे इब्न अल-हैसमच्या कितीतरी आधी चीनमध्येही ठाऊक होतं. त्याचं मोठेपण वेगळं आहे. प्रत्येक गोष्ट प्रयोग करून तपासायची, ही त्याची शिस्त. त्याच्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर १५७२ मध्ये बाझेल इथे छापलं गेलं आणि युरोपातले अभ्यासक त्यावरून शिकले. हा खरा अभिमान पुरेसा आहे. त्याला खोटी जोड लागत नाही.

आता मामूंच्या हँडीकॅमकडे येऊ. घरगुती चित्रीकरण त्याआधीही होतं. कोडॅकची ८ मिमी फिल्म १९३२ मध्ये आली, सुपर ८ आली १९६५ मध्ये. पण या फिल्मला भरपूर उजेड लागे, शिवाय ती महाग. दादासाहेब फाळक्यांनीही १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सूर्यप्रकाशाच्या भरवशावर केला होता. सर्वसामान्य घरात, संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात शूटिंग करणं शक्य झालं ते व्हिडिओमुळे. सोनीने १९८३ मध्ये कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र बाजारात आणलं, पण ते खांद्यावर घ्यावं लागे. १९८९ मध्ये आलेला त्यांचा हँडीकॅम जेमतेम ७९० ग्रॅमचा होता. आखातात कामाला गेलेल्या आपल्या माणसांनी टेपरेकॉर्डर आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर हेही यंत्र गावी आणलं. कोकणात, मराठवाड्यात, आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मुसलमान घरांतली किती लग्नं, अकीके आणि ईदा अशा कॅसेटांवर आहेत याची कोणी मोजदाद केलेली नाही. आपल्या घरांचा इतिहास कोणी लिहिला नाही, पण थोडाफार चित्रित झाला आहे.

या यंत्राचा डोळा म्हणजे सीसीडी ही चकती. तिचा शोध १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये लागला आणि बॉईल व स्मिथ या संशोधकांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. उजेड लक्समध्ये मोजतात. एक फूट अंतरावरून मेणबत्तीचा उजेड साधारण १० लक्स पडतो, पौर्णिमेच्या चांदण्याचा अर्धा लक्सही नाही. आपल्याकडच्या पद्धतीत कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो, त्यामुळे प्रत्येक चित्राला उजेड गोळा करायला फार थोडा वेळ मिळतो. उजेड कमी पडला की यंत्र विजेचा संकेत वाढवतं. त्याबरोबर दाणेही वाढतात, म्हणून काळोखात मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. निखाऱ्याचं उलट होतं. तो डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही भरपूर टाकतो. लाल कोळसा कॅसेटमध्ये पांढरट-गुलाबी झाला तो यामुळे. त्यातून निघालेली उभी रेघ हा तर त्या काळच्या सीसीडीचा नेहमीचा दोष.

सिगडीजवळ होते अब्बा, म्हणून त्यांचे हात दिसतात. सकाळपासून गोश्त साफ करणारी, वाटण वाटणारी, खिमा मळणारी अम्मी चार पावलं मागे, दाराशी उभी होती. तिच्यावरून उजेड कॅमेऱ्यापर्यंत आलाच नाही. मग अ‍ॅप जो चेहरा काढून देईल तो कुठून येईल? हजारो परक्या चेहऱ्यांच्या सरासरीतून. तो अम्मीसारखा असेल, पण अम्मी नसेल. तीस वर्षांनी माझ्या नातवंडांना हा फरक कळणारही नाही. फळ्यावरचा माझा तो मेसेज आणि हा चेहरा, दोन्ही एकाच जातीचे. प्रेमापोटी केलेली भर, पण खोटी.

भाच्याला मी नाही म्हटलं. तो थोडा हिरमुसला. मग आम्ही दोघांनी मिळून कॅसेटची माहिती लिहून काढली: तारीख, जागा, वीज गेली होती, कोण कुठे उभं होतं, कोणता आवाज कोणाचा. मूळ प्रत तशीच ठेवली.

तुमच्याकडेही अशा कॅसेट असतील. जगातला शेवटचा व्हीसीआर २०१६ मध्ये तयार झाला. आपल्या पावसाळी हवेत टेपवर बुरशी धरते. उशीर करू नका. आणि येत्या ईदला सिगडीचं शूटिंग कराल तेव्हा बाजूला एक पिवळा बल्ब लावा, कॅमेरा स्टुलावर ठेवा, फोकस आणि उजेड हाताने ठरवून पक्का करा, नाहीतर यंत्र अंधारात चाचपडत राहतं.

आणि आधी स्वयंपाकघरातल्या बाईला उजेडात बोलावून घ्या.